हेडमास्तरचा कडा

"…मग त्याला कड्यावरून पडू का द्यायचं नाही, बाबा?"

विचारणारे त्र्यंबक हुद्दार. रहस्यकथा लिहिणारे. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्यांचं नाव ठळक दिसे, पुस्तकाच्या नावापेक्षाही ठळक.

ऐकणारे निरंजनगिरी, गडावरच्या गुहेत राहणारे म्हातारे गोसावी. नवं पुस्तक छापायला देण्याआधी हुद्दार गड चढून येत आणि त्याचा शेवट बाबांना सांगत. श्रद्धा म्हणा, सवय म्हणा. बाबांनी आजवर एकाही शेवटाला नाव ठेवलं नव्हतं. कौतुकही केलं नव्हतं, आणि ते हुद्दारांना जरा लागत असे.

"पडू नको देऊ, असं मी कुठं म्हटलं?" बाबा म्हणाले. "पुन्हा सांग. कसा पडतो?"

हुद्दार खुलले.

"हेडमास्तर आहे. विष घालून माणूस मारलाय, पण पुरावा नाही. पोलीस हात टेकतात. याची मान मात्र ताठ. एक दिवस हा डावा पाय ओढत कड्याच्या टोकाशी येतो, उभा राहतो, कायद्याला हसतो… आणि पाय घसरतो. कुणी ढकलत नाही. त्याचा गर्वच त्याला खाली नेतो."

"वाचकाला आवडेल?"

"हेच तर हवं असतं त्याला! खून एक वेळ तो माफ करतो, बाबा. माज नाही करत."

बाबांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"डावा पाय ओढतो म्हणालास."

"हो."

"तुझा दादाही असाच चालतो. तोही हेडमास्तर होता ना?"

…

हुद्दार बाहेर बघू लागले. मग जे इतका वेळ पोटात होतं ते भडाभडा बाहेर आलं. गावात त्यांचा सत्कार होता. अध्यक्ष म्हणून दादाच. भर सभेत दादा म्हणाला, आमचा त्र्यंबक चोर-पोलिसांच्या गोष्टी लिहितो, लिहू दे, पोट भरतं. लोक हसले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

"आणि आता?"

"आता त्यानं निरोप धाडलाय. ये म्हणून. आजारी नाही, काही नाही. नुसतं ये."

"मग?"

"पुस्तक आल्यावर जाईन. सारं गाव त्याला ओळखेल. तोही स्वतःला ओळखेल."

"त्यानंतर दार उघडेल तो?"

हुद्दारांनी झब्ब्याची इस्त्री हातानं सारखी केली.

बाबा उठले. "चल. तुझा कडा बघू."

सकाळचं ऊन पाठीवर होतं. समोर जमीन एकाएकी संपत होती आणि खालचं सगळं कोकण ढगांनी भरलं होतं. हुद्दार तरातरा पुढं निघाले. बाबांनी त्यांचा झब्बा मागून धरला.

"पालथा पड."

"अहो, कपडे…"

"पड. या कड्यावर उभं राहून कुणी बघत नाही. वारा खालून येतो आणि माणसाला हलवतो. पाटील असो नाहीतर गुराखी, पोटावर सरकतच जायचं. तुझा हेडमास्तर इथला दिसत नाही."

बाबा स्वतः आडवे झाले. इस्त्रीच्या झब्ब्याची माया सोडून हुद्दारही कोपरांवर सरकत टोकाशी गेले आणि त्यांनी मान बाहेर काढली.

खाली, ढगांवर, कड्याची लांबलचक सावली पडली होती. तिच्या काठावर दोन डोक्यांच्या सावल्या. आणि एका डोक्याभोवती इंद्रधनुष्य. अर्धं नाही… अख्खं, गोल, मिटलेलं.

जन्मभर प्रेतांची वर्णनं करणाऱ्या माणसाला या एका गोष्टीला शब्द सापडेना. डोळे भरून आले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"बाबा… ते माझ्या डोक्याभोवती आहे."

"असं?"

"तुमच्या नाही."

"नाही?"

हुद्दारांना बाबांचं वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी गडावर कुणीतरी त्यांचं कौतुक केलं होतं.

"जागा बदलू," बाबा म्हणाले.

दोघांनी पडल्या पडल्या जागा बदलली. हुद्दारांनी घाईनं खाली पाहिलं.

"अजून माझ्याच भोवती!"

बाबा मजेत हसले. "मला तर ते माझ्या डोक्याभोवती दिसतंय. पहिल्यापासून. तुझी सावली आपली नुसती काळी."

…

वारा कड्याला धडकून वर येत राहिला. हुद्दारांनी एक हात हलवला. खालच्या सावलीनं हलवला. रंग जागचे हलले नाहीत.

"बाबा, दादा इथं निजला असता तर…"

बाबा खाली ढगांकडे बघत होते.

"त्यालाही स्वतःच्याच डोक्याभोवती…"

ढग सरकत होते आणि ते अख्खं वर्तुळ फिकं होत, पुन्हा उजळत होतं. हुद्दारांना एकदम थंडी वाजली. आपण किती उंचावर आहोत, हे त्यांना आत्ता कळलं.

पण सवय मोठी वाईट. ते तावातावानं गुडघ्यांवर आले.

"मग दादाला… म्हणजे हेडमास्तरला… त्याला शिक्षा द्यायची कुणी?"

वाऱ्यानं झब्बा फुगला. अंग डगमगलं. बाबांचा हात पाठीवर पडला आणि त्यानं त्यांना पुन्हा जमिनीवर दाबलं.

"इथं उठायचं नाही," बाबा म्हणाले. "आधी मागं सरक."