कामाचं तेवढं

"मग रोज सकाळी दूध घालायला येत होती, तरी तुला काहीच बोलली नाही?"

"नाही, बुवा."

"तोंड उतरलेलं दिसलं असेल की."

तिच्या तोंडाकडे चिंतामणनं पाहिलंच नव्हतं. भांडं पुढे करायचं, दूध घ्यायचं, आत वळायचं...

टेकडीवरच्या बुवांच्या त्या मठात वाणीचा संयम चिंतामणएवढा कुणाला साधला नव्हता, आणि ते त्याला ठाऊकही होतं. खालच्या वस्तीवरची सुगंधा दूध घेऊन आली, की दारातूनच सुरू व्हायची. बरं आहे ना महाराज? यंदा थंडी फार. बुवांचा खोकला कसा आहे?

एक दिवस तो म्हणाला होता, "बाई, कामाचं असेल तेवढं बोलत जा. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडायची?"

तेव्हापासून ती मुकाट यायची, मुकाट जायची. चिंतामणला वाटलं, बाईला वळण लागलं.

आज वस्तीवरून कळलं. नवरा ऊसतोडीला लांब गेलेला. गेल्या महिन्यात धाकट्या लेकीच्या अंगात ताप फणफणलेला. तालुक्याला न्यायला वस्तीवर वाहन नाही, आणि मठाची जीप तर दारातच उभी. तिच्या शेजारून ही बाई रोज दूध घालून जात होती.

पोर वाचली. पण दोन्ही कान गेले.

"भेटून ये," बुवा म्हणाले.

"काय बोलू?"

बुवांनी नुसता हात हलवला. जा.

उन्हं उतरताना तो परत आला आणि उंबऱ्यातच बसला.

"भेटली?"

"भेटली. मी विचारलं, मला सांगितलं का नाही. तर म्हणाली, 'महाराज, कामाचं कुठं होतं ते? घरचं होतं.'"

"आणि पोर?"

"अंगणात खेळत होती. पाठमोरी. मी हाक मारली... एकदा मारली, परत मारली..."

"मग?"

"मग सुगंधानं घोंगडी टाकली. बसा म्हणाली. चुलीवर चहा ठेवला."

"बरं."

"मी म्हणालो, आम्हाला चहा चालत नाही... आणि निघालो."

बुवा उठले, भिंतीला टेकवलेली आपली काठी घेतली आणि चिंतामणच्या हातात दिली.

"उलट्या पावली जा. गार झाला असेल. तसाच पी."