कवचातला ताण

“विषाणूंच्या पाण्यातलं मीठ काढलं तर काय होईल?” रेगेबाईंनी विचारलं.

“कशाला काढायचं, बाई?” त्यांचा विद्यार्थी निशिकांत खैरनार हसला. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेत जंतू मारणारे विषाणू वाढवत. खाली दवाखान्याची गाडी उभी होती. तासगावच्या एका शिक्षिकेच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देईना. विषाणू आज पोचले नाहीत, तर उद्या सकाळी पाय कापणार होते.

“विषाणूचं कवच तेवढंच, पण मी आत डीएनए जास्त कोंबलाय. जगात अजून कुणी...”

“जगाचं राहू दे. आत दाब किती?”

“गाडीच्या टायरच्या वीसपट तरी. पण कवच तसूभर हललं नाही! सूक्ष्मदर्शकाच्या अतिबारीक सुईनं दाबून पाहिलंय.”

“मिठाच्या पाण्यात?”

“हो.”

“डीएनएचे वेढे एकमेकांना ढकलत असतात. मीठ त्यांना शांत ठेवतं. जखमेत तेवढं मीठ कुणी ठेवलंय रे तुझ्यासाठी?”

निशिकांतनं विषाणूंची बाटली त्यांच्यापुढे केली.

बाईंनी बाटलीतला थोडा द्रव काचेच्या नळीत घेतला. मीठ ओढून घेणाऱ्या रसायनाचे दोन थेंब त्यात टाकले.

पाण्यासारखा पातळ होता तो. बघता बघता शेंबडासारखा दाट झाला. काडी बुडवून उचलली, तर तार निघाली. कवचं फुटली होती, डीएनए सगळा बाहेर.

निशिकांत पांढराफटक पडला. “बाई, मी हे... त्यांच्या पायात...”

खाली हॉर्न वाजला.

त्यानं धावत जाऊन फ्रीजमधून दुसरी बाटली काढली. “हा देतो! यात डीएनए कमी भरलाय. हा कशानंच फुटत नाही.”

“आणि जंतूच्या आत डीएनए सोडतो?”

निशिकांतनं मान खाली घातली. तो विषाणू जंतूला नुसता चिकटून बसे. डीएनए जंतूत घुसवून त्याला मारण्याइतका जोरच नव्हता त्यात.

शेवटी त्यानं मूळचा विषाणू काढला, निसर्गानं भरलेला. महिनाभर त्यालाच हिणवत होता पठ्ठ्या! बाईंनी त्यातही दोन थेंब टाकून पाहिले. द्रव पातळच राहिला.

निशिकांत बाटली घेऊन दारातच थांबला.

“बाई, आतल्या दाबाचा ताण यातही आहे. हाही जर...”

“ताण आहे म्हणूनच पाठवतोय. पळ, गाडी थांबलीय.”