ढलप्यांचा चर

एका ओढ्यावर दोन गावं होती. एक वर उतारावर, एक खाली, जिथं ओढ्याचं पाणी पसरून तळं होई. वरच्या गावात ऊस आणि केळी डोलत. तिथले लोक शेतात पोत्यांनी पांढरं खत टाकत, आणि जमीन चिबड होऊ नये म्हणून जादा पाणी चर काढून ओढ्यात सोडत. ते पाणी दिसायला अगदी काचेसारखं.

पण खालच्या गावात काहीतरी बिघडलं होतं. आधी तळं हिरवं झालं. मग मासे उलटे होऊन काठाला लागले. मग एका घरातलं तान्हं बाळ गेलं. आईला दूध नव्हतं म्हणून त्याला वरचं दूध विहिरीचं पाणी घालून पाजत होते. जाताना त्याचे ओठ निळे पडले होते.

महिन्याभरात साळू नावाच्या बाईच्या मुलाचे ओठही तसेच दिसू लागले. वैदीण म्हणाली, "विहिरीचा थेंबसुद्धा देऊ नकोस. डोंगरातल्या झऱ्याचं आण."

साळू रोज दोन कोस चालून झऱ्याचं पाणी आणू लागली. थोड्याच दिवसांत पोर सावरलं. दोष पाण्यात आहे, हे तेव्हा गावाला कळलं. विहीर तळ्याकाठी होती आणि तळ्यात पाणी वरून येत होतं. लोक वरच्या गावच्या पाटलाकडे गेले.

पाटलानं चरातलं पाणी पेल्यात घेतलं, उन्हात धरलं. "दाखवा, यात घाण कुठं आहे?"

कोणालाच दाखवता येईना. लोक मान खाली घालून परतले.

त्या वेळी वरच्या गावचा केरोबा सुतार पाटलाच्या अंगणात गाडीचं चाक दुरुस्त करत बसला होता. चाक बसवून तो घरी गेला आणि थेट परसात शिरला. तिथल्या घळीत तो आणि त्याचा बाप वर्षानुवर्षं लाकडाच्या ढलप्या टाकत आले होते. एका शेताचं पाणी त्या ढिगातून झिरपत असे. बाकी सगळ्या चरांच्या तोंडाशी हिरवा तवंग साचायचा. ढिगाखालच्या डबक्याचा मात्र तळ दिसत होता.

ओल्या, कोंदट ढलप्यांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, लाकडावर जगतात, आणि पाण्यात विरघळलेलं खत शोषून त्याची हवा करून सोडतात, हे केरोबाला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त फरक पाहिला होता.

सगळे चर जिथं एकत्र येत, तिथं त्याचा जमिनीचा तुकडा होता. "तिथं मोठा चर खणून ढलप्यांनी भरतो. सगळं पाणी त्यातून जाऊ द्या," तो पाटलाला म्हणाला.

पाटील हसला. "जागा तुझी, ढलप्या तुझ्या. खण की!"

खालचं गाव मदतीला आलं. पन्नास पावलं लांब आणि पुरुषभर खोल चर खणला. बाभळीच्या, आंब्याच्या फांद्या तोडून, ढलप्या करून आत भरल्या, वर माती ओढली. खालच्या तोंडाला केरोबानं एक फळी बसवली. "पाणी आत थांबलं पाहिजे. घाईनं गेलं, तर जसं आलं तसंच जाईल."

तिसऱ्या दिवशी फळीवरून पाणी वाहू लागलं. ते काढ्यासारखं काळपट तांबडं होतं आणि त्याला कुबट वास होता.

खालचं गाव कुदळी घेऊन धावून आलं. पाटीलही मजा बघायला आला.

"हे पाजायचं का आमच्या पोरांना?"

"लाकडाचा रंग आहे. उतरेल," केरोबा म्हणाला.

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

एका गड्यानं खाली उडी मारून फळी उपसली. पाणी खळाळत सुटलं. आधी फिकं झालं, मग स्वच्छ. लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली.

"बघितलंत?" पाटील म्हणाला. "फळीच नको होती. केरोबा, काम झकास झालं!"

केरोबानं नुसती मान डोलावली असती, तरी दोन्ही गावांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्यानं फळी पुन्हा बसवली. पाणी पुन्हा काळपट झालं.

कोणीतरी कुदळ उगारली. तेवढ्यात पोराला कडेवर घेऊन साळू मध्ये आली.

"सुतारबाबा, खरं सांगा. फळी काढली तर पाणी चांगलं होईल?"

"चांगलं दिसेल."

"माझ्या पोराला पाजता येईल?"

"नाही, पोरी."

"आणि फळी ठेवली तर?"

केरोबानं पोराकडे पाहिलं. "मला वाटतं, येईल. पण तुझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगायला सांगशील, तर सांगवणार नाही."

आजवर जो तो साळूला छातीठोकपणे सांगत आला होता. आपल्याला नक्की माहीत नाही, असं म्हणणारा हा पहिलाच.

"दोन मडकी आणा," ती म्हणाली. "एकात वरच्या चराचं पाणी, एकात या फळीवरचं. दोन्हींत तळ्यातलं चिमूटभर शेवाळ टाकू आणि पारावर उन्हात ठेवू. तळं ज्यानं हिरवं होतं, त्यानं मडकंही होईल. दहा दिवस या फळीला कोणी हात लावायचा नाही."

"आणि मडक्यातही काही दिसलं नाही तर?" पाटलानं विचारलं.

"तर चर मी बुजवेन," केरोबा म्हणाला, "आणि गाव सोडेन."

ते दिवस केरोबाला जड गेले. खालच्यांची बाजू घेतो म्हणून त्याच्याच गावात त्याला कोणी काम देईना. त्याच्या छपरावर दगड पडले. तो फळीपाशी बसून राहिला. चौथ्या दिवशी निरोप आला, दोन्ही मडकी जशीच्या तशी. सहाव्या दिवशीही तेच. पुढं त्यानं विचारणंच सोडलं. घरात त्यानं हत्यारं गोणपाटात बांधून ठेवली.

दहाव्या दिवशी दोन्ही गावं पाराभोवती जमली. केरोबा गर्दीच्या मागं उभा राहिला. पाटलानं आधी काळपट पाण्याच्या मडक्यात पाहिलं. पाणी जरा निवळलं होतं आणि तळाशी शेवाळाची चिमूट फिकी पडून मरायला टेकली होती. मग ज्यात ते काचेसारखं पाणी भरलं होतं, त्या दुसऱ्या मडक्यात त्यानं वाकून पाहिलं. आता तिथं दाट हिरवी साय धरली होती.

पाटलानं ती साय बोटावर घेतली.

"खतानं ऊस फोफावतो, तसं शेवाळ फोफावलंय. हे माझ्या शेतातलं खत," तो म्हणाला. "पिकाला घातलं म्हणत होतो आणि ओढ्यात ओतत होतो."

दुसऱ्या दिवशी फांद्यांनी भरलेली त्याची गाडी केरोबाच्या दारात उभी राहिली. दुसरा चर खणायला तो स्वतः आला. त्या हंगामात त्यानं खत निम्म्यावर आणलं.

महिन्याभरात लाकडाचा रंग उतरला. पण खत मुरलेली विहीर इतक्या लवकर सुधारत नसते. साळू वर्षभर झऱ्याचं पाणी आणत राहिली. दर महिन्याला ती विहिरीच्या पाण्याचं मडकं उन्हात ठेवी, आणि दर महिन्याला हिरवं थोडं कमी दिसे.

पुढच्या वैशाखात साळूच्या जावेला मुलगी झाली. आई तापानं फणफणली, दूध आटलं. आणि त्याच आठवड्यात डोंगरातला झराही आटला.

विहिरीशिवाय दुसरं पाणी नव्हतं. त्या महिन्याच्या मडक्यात हिरवा ठिपकाही धरला नव्हता. तरी साळूनं ते मडकं पुन्हा एकदा उन्हात नेऊन पाहिलं. तिनं विहिरीचं पाणी उकळलं, निववलं, दुधात घातलं आणि बोंडल्यानं पोरीला पाजलं. केरोबा उंबऱ्यावर बसला होता. सगळ्यांचे डोळे त्या इवल्याशा ओठांवर होते.

पोर झोपलं. दुपार झाली, ऊन कललं. वैदिणीनं पुन्हा पुन्हा वाकून ओठ पाहिले, नखं पाहिली.

मग पोरगी जागी झाली आणि भुकेनं जोरात रडली. ओठ गुलाबी होते.

साळूनं पुन्हा बोंडलं भरलं. या वेळी तिनं मडक्याकडे पाहिलंही नाही.

तात्पर्य ध्यानात ठेवा: पाणी असो की माणूस, नुसतं निर्मळ दिसण्यावर भुलू नये, आणि खरोखर निर्मळ व्हायला लागणारा वेळ देताना डगमगू नये.