ट्रकखालचा महिपती

"मग काढून टाकू का प्रदर्शनातून? एका म्हातारीच्या रडण्यापायी?"

रंगराव इंगवले ओरडतच मास्तरांच्या घरात आला. पायांतले बूटसुद्धा काढले नाहीत. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाला, आघाडीवर काढलेल्या हास्यचित्रांनी नाव झालं, आता तालुक्याला प्रदर्शन भरलं होतं. जरा शेफारलाच होता. आम्ही दोघं एकाच मास्तरांकडे चित्रकला शिकलो, म्हणून मी एवढं बोलतो.

मास्तर ब्रश धूत होते. "कुठलं चित्र?"

खिळ्यावरून उपसून काखेत मारून आणलंच होतं त्यानं. आदळलं पुढ्यात.

तोफा सुरू झाल्यावर ट्रकखाली घुसलेला शिपाई, महिपती शेलार. पालथा पडलेला, तोंडात अर्धी चपाती, डोळे बटाट्याएवढे. खोटं कशाला बोलू, मलाही हसू फुटलं.

"त्याची आई म्हणते, माझं लेकरू भित्रं नव्हतं, उतरवा ते. अहो, लंगरात जेवायच्या जागी लावलं होतं हे! सगळी पलटण हसली!"

"आणि महिपती?"

"तोही हसला."

"मग?"

"मग... कुठं धोक्याच्या जागी जायचं म्हटलं की 'मी जातो' म्हणून सगळ्यांआधी हात वर करायला लागला. पाचव्या दिवशी गेला." त्याचा आवाज चढला. "मी मारलं काय त्याला? गंमत होती, मास्तर! लोकांना साधी गंमत कळू नये?"

कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. मास्तरांनी चष्मा पुसला. चित्र खिडकीपाशी नेलं आणि ट्रकच्या पोटावर बोट ठेवलं. एक्सल, गळणारं ऑईल, चिखल लागलेले नट... एकही चुकला नव्हता.

"हे मनानं काढलंस?"

"छे! मी मनानं कधीच काढत नाही. डोळ्यांनी दिसलं तेवढंच. तुमचीच शिकवण आहे." गाढव, छाती फुगवून सांगत होता.

"उभ्या माणसाला ट्रकचं पोट दिसतं?"

रंगराव खिडकीपाशी गेला.

"बसलेल्याला?"

रंगरावानं चित्र घ्यायला हात पुढे केला.

"बोल ना!"

रंगरावाची मान खाली गेली.

इतक्या वर्षांत मी मास्तरांना एवढं संतापलेलं पाहिलं नव्हतं. चित्र त्यांनी त्याच्या छातीवर दाबलं.

"कागद चांगला ऐसपैस होता की रे. दोघं मावले असते."