मार्तंडानं संगणकात दुसरं बिऱ्हाड थाटलं

टाकळीखिंड नावाच्या गावात मार्तंड नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती भोळा? "जरा इथे थांब" असं कुणी म्हटलं आणि पुढे "आता जा" म्हणायला विसरलं, तर त्याच्या बायकोला, मंजुळेला, जाऊन त्याला घरी आणावं लागे.

पण माणूस कामाला चोख. सांगितलं तेवढंच करायचा. सांगितलं तस्संच करायचा. आणि एकदा केलेली चूक पुन्हा कधी करायचा नाही. दर वेळी नवी करायचा.

तो गावच्या वाचनालयात शिपाई होता. वाचनालयाच्या अध्यक्ष होत्या गोदाक्का, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दोन वर्षं खपून तीन हजार चारशे बारा पुस्तकांची यादी संगणकात भरली होती. यादी झकास होती. संगणक मात्र म्हातारा झाला होता. बटण दाबून गोदाक्का घरी जात, आंघोळ उरकत, देवपूजा उरकत, परत येत, तेव्हा कुठे पडदा उजळायला लागे.

आणि सोमवारी जिल्ह्याहून तपासनीस येणार होते. ते मागतील ते पुस्तक यादीत झटपट दाखवलं, तर वाचनालयाचा वर्ग वाढणार होता, म्हणजे सरकारी अनुदानही वाढणार होतं. नाहीतर आणखी तीन वर्षं वाट बघा.

मंजुळेचा भाऊ जालिंदर तालुक्याला संगणक दुरुस्त करायचा. त्याचा पाय मोडला होता, प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यानं फोनवरूनच तोड सुचवली.

"अक्का, जुन्या विंडोजला हातच लावायचा नाही. तिच्या डिस्कवर तुमची यादी आहे, ती तिथेच राहू दे. शेजारी दुसरी डिस्क बसवू आणि तिच्यावर लिनक्स टाकू. तोही विंडोजसारखाच संगणक चालवतो, पण चपळ आहे. एका घरात दोन बिऱ्हाडं. सुरू करताना संगणक विचारेल, कुणाकडे जायचं? सांगाल तिकडे नेईल."

"दाजींना पाठवा," तो म्हणाला. "डिस्क देतो, लिनक्स भरलेला पेनड्राइव्हही देतो."

गुरुवारी मार्तंड तालुक्याला गेला. जालिंदरनं त्याच्या हातात कंपासपेटीएवढी डिस्क ठेवली.

"दाजी, जपून न्या. हिला धक्का लागता कामा नये."

"नाही लागणार," मार्तंड म्हणाला.

स्टँडवर एसटी उभी होती. मार्तंडानं पायरीवर पाय ठेवून कंडक्टरला विचारलं, "ही गाडी धक्के देते का हो?"

"गाडी नाही देत," कंडक्टर म्हणाला. "रस्ता देतो."

मार्तंड खाली उतरला. डिस्क दोन्ही तळहातांवर धरून चौदा किलोमीटर चालत निघाला. वाटेत आठवडी बाजार लागला. बाजारात धक्काबुक्की होते. म्हणून तो बाजार उठेपर्यंत वेशीपाशी उभा राहिला. गावात पोचला तेव्हा दिवे लागले होते.

शुक्रवारी सकाळी फोनवर जालिंदर ओरडला, "अहो दाजी, चालत कशाला? असली वस्तू जाड कपड्यात गुंडाळायची, गच्च गाठ मारायची आणि खुशाल निघायचं!"

"चुकलंच," मार्तंड म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

मग जालिंदरनं फोनवरून एकेक करून सांगितलं आणि मार्तंडानं संगणकाची पेटी उघडून डिस्क आत बसवली. चार स्क्रू, दोन वायरी. एकही चूक नाही. गोदाक्कांना आनंद झाला. त्या घरी जेवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "सुरू करून बघ."

मार्तंड बटण दाबणार, तेवढ्यात त्याला आठवलं. असली वस्तू जाड कपड्यात गुंडाळायची. तो घरी गेला, गोधडी आणली, पेटी गोधडीत गुंडाळली, गच्च गाठ मारली, आणि मग गोधडीत हात घालून बटण दाबलं.

संगणक आधी गुरगुरला. मग त्याला धाप लागली. मग करपल्याचा वास आला आणि तो गप्प झाला.

"दाजी!" सगळं ऐकून जालिंदर फोनवर म्हणाला. "अहो, जीव गुदमरला त्याचा! त्याला हवा लागते. असं काही बांधून ठेवायचं नाही. मोकळं ठेवायचं. चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे."

"चुकलंच. पुढच्या वेळी तसंच करतो."

नशीब, गार झाल्यावर संगणक पुन्हा सुरू झाला. पण गोदाक्कांच्या मनात पाल चुकचुकली. शनिवारी त्या म्हणाल्या, "मार्तंडा, काही दगाफटका व्हायच्या आत यादी कागदावर छापून घे, आणि नीट ठेव."

मार्तंडानं छापली. एकशे बारा पानं. आता नीट ठेवायची. नीट म्हणजे कशी? बांधून नाही. मोकळी. चारी बाजूंनी वारा खेळेल अशी. त्यानं ती वाचनालयाच्या अंगणात एकेक करून पसरली आणि बाजूला उभा राहिला.

वारा आला. चांगला खेळला.

प्रवासवर्णनं थेट गावाबाहेर गेली. आत्मचरित्रं विहिरीत पडली. पाककृती शेळीनं खाल्ल्या. संतचरित्राचं एक पान मारुतीच्या कळसाला जाऊन चिकटलं, ते काढायला कुणी धजेना. गोदाक्का धावत आल्या तेव्हा अंगणात नऊ पानं उरली होती, आणि उडालेल्या पानांमागे मार्तंड पळत नव्हता. त्याला पळायला कुणी सांगितलं नव्हतं.

"अरे शहाण्या," गोदाक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वर वजन ठेवायचं! चांगला जड दगड ठेवला की वस्तू जागची हलत नाही, एवढंही कळत नाही का?"

"चुकलंच, अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

"छापायला कागदही उरला नाही. आता यादी फक्त संगणकात उरली आहे," गोदाक्का म्हणाल्या. "फक्त संगणकात. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मार्तंड म्हणाला. आणि तो खरंच ऐकत होता.

रविवारी सकाळी जालिंदरचा फोन आला. "दाजी, पेनड्राइव्ह लावा. संगणक सुरू करा आणि लगेच एफ बारा दाबून धरा. मी सांगेपर्यंत बोट हलवू नका."

हलवायचं नाही! मार्तंड हसला. हे तर तो कालच शिकला होता. "जरा थांब," म्हणाला आणि घरातून वरवंटा घेऊन आला. एफ बारावर ठेवला.

कडाडकन आवाज झाला. सात बटणं उडाली. एफ बाराचे बारा वाजले.

ग्रामपंचायतीकडून दुसरा कीबोर्ड मागून आणावा लागला. जालिंदर फोनवर रडकुंडीला आला. "दाजी, पाया पडतो. जोर लावायचा नाही. एक बोट. हलकंसं. एकदाच दाबायचं, बोट उचलायचं, आणि तो काय विचारतो त्याची शांतपणे वाट बघायची. आता आज राहू द्या. उद्या सकाळी बघू."

"चुकलंच. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुपारी मंजुळा म्हणाली, "अहो, मी गिरणीतून दळण आणते. परातीत पीठ काढलंय, मीठ-तेल शेजारी ठेवलंय. तेवढी कणीक मळून ठेवा."

तासाभरानं ती परत आली. पिठाच्या मधोमध एक बारीक खळगा होता. मार्तंड मांडी घालून परातीसमोर बसला होता.

"काय करताय?"

"वाट बघतोय."

"कशाची?"

"कणीक काय विचारते त्याची."

मंजुळेनं दळणाचा डबा खाली ठेवला. "अहो, असं भीत भीत केलं तर जन्मात पोळी व्हायची नाही! धीटपणे हात घालायचा. पीठ वेगळं, मीठ वेगळं, तेल वेगळं, असं ठेवून कसं चालेल? सगळं एकत्र करायचं, एकजीव करायचं. वेगळं म्हणून काही राहता कामा नये."

"चुकलंच," मार्तंड म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

सोमवार उजाडला. वाचनालयात सडा घातला होता. फळ्यावर सुविचार होता. गोदाक्कांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि त्यांच्या हातातल्या फोनवर जालिंदर होता. मार्तंड संगणकासमोर बसला. एक बोट. हलकंसं. एकदाच. लिनक्सचं पान उघडलं आणि तेही मराठीत.

"शाब्बास दाजी!" जालिंदर म्हणाला. "आता तो विचारेल, कुठे बसू? तेव्हा..."

बाहेर जीप वाजली. "आले वाटतं!" म्हणत गोदाक्का फोनसकट दाराकडे धावल्या.

मार्तंड आणि संगणक दोघंच उरले. संगणकानं विचारलं.

पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली होती, "पहिली डिस्क आहे तशी ठेवून दुसऱ्या डिस्कवर बसवा." दुसरी होती, "दोन्ही डिस्क पुसून, एकत्र करून बसवा."

मार्तंडानं दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. त्याला कालची परात आठवली. हे वेगळं, ते वेगळं, असं ठेवून कसं चालेल? त्यानं दुसरी ओळ निवडली.

संगणकानं विचारलं, "नक्की?" मार्तंडानं धीटपणे होय दाबलं. संगणकानं पुन्हा विचारलं, "सगळं पुसलं जाईल. नक्की?" संगणक भित्रा आहे, हे मार्तंडाच्या लक्षात आलं. त्यानं त्याला धीर दिला. पुन्हा होय दाबलं.

बाहेर हारतुरे झाले. चहा झाला. मग गोदाक्कांच्या मागोमाग तपासनीस आत आले. मार्तंडानं संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नऊ सेकंदांत पडदा लख्ख उजळला. अशी चपळाई टाकळीखिंडीनं पाहिली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोदाक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उत्तम!" तपासनीस म्हणाले. "आता जरा यादी बघू."

मार्तंडानं पडद्याकडे पाहिलं. गोदाक्कांनी पाहिलं. तपासनीसांनी चष्मा पुसून पाहिलं.

"दाजी," फोनमधून जालिंदरचा बारीक आवाज आला, "पहिली डिस्क दिसते का?"

"नाही."

"दाजी, तुम्ही काय निवडलंत?"

मार्तंडानं छाती पुढे काढली. "या वेळी चूक नाही, जालिंदर. दोन्ही डिस्क पुसल्या आणि एकजीव केल्या. वेगळं म्हणून काही राहू दिलं नाही."

फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक जालिंदरच पडला. तपासनीसांनी वही उघडली आणि शेऱ्यात लिहिलं, "संगणक अत्यंत वेगवान. आत काही नाही."

गोदाक्का खुर्चीत बसल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "मार्तंडा, दोन वर्षं रे! ती यादी भरायला मला दोन वर्षं लागली."

मार्तंडाला त्यांची फार दया आली. तो जवळ गेला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तो जुना संगणकच मंद होता, अक्का. या नव्यावर बघा, सगळी पुसायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत."