मामांचा पहिला मान

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच ऋतुजाला दिवस गेले. शिक्षण अर्ध्यावर होतं. मूल तिला इतक्यात नको होतं. नवरा म्हणाला, "तू ठरव." पण दवाखान्यात सोबत निघाले मामेसासरे, दौलतमामा. त्यांना विचारल्याशिवाय घरात कुणी भिंतीला रंगही देत नसे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. कायदा आणि कोर्ट, दोन्ही हेच सांगतात."

"कोर्टाचं कोर्टात!" मामा गरजले. "आमच्या घरात एकट्यादुकट्याचं काही नसतं. आपल्याला दिवस गेलेत, काय करायचं ते आपण ठरवू. सही मी करणार!"

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. "रक्त कुणाचं घ्यायचंय?"

"मामांचं," ऋतुजा अदबीने म्हणाली. "दिवस आम्हा सगळ्यांनाच गेलेत, पण मामा थोरले. पहिला मान त्यांचा. आतल्या तपासणीलाही आधी त्यांनाच न्या."

नर्सने खरंच मामांचा दंड धरला. मामा ताडकन उठले. "अगं, दिवस तुला गेलेत, मला नाही!"

"मग सहीही माझीच," म्हणत ऋतुजाने आपली बाही वर सारली.