हौसाक्काची कौलातली नदी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. कवठाळी गावाजवळ वेळू नदीवर एकही बांध टिकत नव्हता, तेव्हाची.

बांध दगडचुन्याचा. बांधणारा धोंडजी गवंडी आणि त्याच्या हाताखाली शिकणारी गावातली पोरं. गावाची एक रीत होती. बांधाचा शेवटचा दगड ज्या शिकाऊ पोराने बसवला, त्याने पहिल्या पुराला नारळ घेऊन बांधावर उभं राहायचं. बांध राहिला, की पोरगा गवंडी झाला. नाही राहिला, तर नदीने आपलं माणूस घेतलं म्हणायचं आणि पुन्हा त्याच जागी बांध घालायचा. ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. तेव्हा कुणाच्या येत नव्हता, हे त्याहून भयंकर.

हौसाक्का कुंभारीण ही धोंडजीची सख्खी बहीण. जिभेने तिखट, समोरून येणारा वाट बदलायचा. तिचा थोरला गेनू असाच बांधावर उभा राहिला. पाणी वरून गेलं तरी भिंत उभी होती. गेनूने काठावरच्या आईकडे बघून नारळ वर धरला, हसला, आणि भिंत पायाखालून गेली. गेनू पुन्हा दिसला नाही. हौसाक्का रडली नाही, असं म्हणतात. ती येईल त्याला एकच विचारायची, "पाणी तर वरनं गेलं हुतं. मग भिंतीला काय झालं?"

पुढे धाकट्या सावळ्याची पाळी आली. बांध झाला, शेवटचा दगड त्याने बसवला, आभाळ भरून आलं. गाव नारळ आणायला निघालं आणि हौसाक्का भट्टीकडे गेली.

तिने टाकाऊ अर्धगोल कौलं आणली. देवळाच्या पारावर एकापुढे एक मांडून लांबलचक पन्हळ केली, फटी लिंपल्या, तळाला नदीची वाळू पसरली. मधे खापराच्या तुकड्यांची बोटभर भिंत आणि भिंतीवर कच्च्या मातीचा बाहुला. वरच्या तोंडाला भोक पाडलेलं मडकं. सगळा मोडका माल. पण मडक्यातलं पाणी सुटलं तेव्हा पुराचा आवाज आला, असं म्हणतात.

धोंडजी म्हणाला, "आक्का, ह्यो काय पोरखेळ?"

"बघ तरी. ह्या बाहुल्याचं नाव सावळ्या हाय."

पाणी भिंतीवरून गेलं. भिंत हलली नाही. पण पलीकडे पडणारं पाणी पायथ्याची वाळू उकरत होतं. खड्डा भिंतीखाली शिरला, भिंत बसली, कलली, आणि बाहुला गेला. एकाने भिंत जाड करायला सांगितली. तीही गेली. दुसऱ्याने उंच करवली. ती तर आणखी लवकर गेली, कारण पाणी जास्त उंचावरून आदळलं. दर वेळी नवा बाहुला वाहून जायचा आणि बायका पदर तोंडात कोंबायच्या.

"अजून सांगा," हौसाक्का म्हणाली. "ह्यो मातीचा सावळ्या कितींदाबी मरंल. हाडामासाचा मला येकच ऱ्हायलाय."

ते मडकं दिवसभर रितं झालं नाही, असं म्हणतात. धोंडजी गुडघ्यांवर बसून खड्ड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेनूला नदीनं न्हाई नेलं, आक्का. मी पायथा कदी बघितलाच न्हाई." तो तिथेच ढसाढसा रडला. रडता रडताच त्याने पायथ्याशी चपटी खापरं अंथरली आणि पुढे एक बुटका कट्टा घातला. आता मधे पाणी साठलं आणि वरचं पाणी पाण्यावर पडू लागलं. बाहुला उभा राहिला.

तशाच चपट्या शिळा मग गावाने खऱ्या बांधाच्या पायथ्याला ओढून बसवल्या आणि पुढे बुटका कट्टा घातला. पूर आला तेव्हा धोंडजी स्वतःच नारळ घेऊन निघाला. बहिणीने त्याचा हात धरला. "तू बी जाऊ नगंस," ती म्हणाली, आणि तिने बांधावर बाहुला ठेवला. बांध राहिला. कच्च्या मातीचा तो बाहुला सबंध पावसाळा विरघळला नाही, असं म्हणतात. हे मलाही पटत नाही. पण कवठाळीत जाऊन तसं बोलायची माझी छाती नाही.

आज कवठाळीत तंत्रशाळा आहे. पाण्याचा प्रवाह शिकवणारी काचेची महागडी यंत्रं तिथे नाहीत. कुंभारवाड्यातली कौलं आहेत, आणि त्या पन्हळीला हौसाक्काच म्हणतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली भिंत घालायची, तिच्यावर मातीचा माणूस ठेवायचा आणि त्याला स्वतःचं नाव द्यायचं. मग पाणी सोडतात. पहिल्या दिवशी वर्गातलं कुणीच त्या पुरातून वाचत नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहतात, पांढरीफटक. तेवढ्यात बाई म्हणतात, "आता पायथ्याशी बघा."